खुब्याचं ऑपरेशन, व्हॉट्सॅपवरची वर्गणी आणि रेशनकार्डातलं नाव

नाव आणि ओळख पटेल अशा बाकी गोष्टी बदलल्या आहेत. जिच्या ऑपरेशनची ही गोष्ट आहे त्या मुलीला हे सगळं आधी वाचून दाखवलं, तिने दोन ठिकाणी खोडायला लावलं ते खोडलं, मगच टाकतोय. मी तालुक्याला आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, म्हणजे उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीकविमा, आधारला मोबाइल जोडणं हीच रोजची कामं, आणि या प्रकरणात माझा संबंध आला तो पण अशाच एका कागदावरून.

पार्श्वभूमी

मुलीला मनीषा म्हणू. वय २२, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. गाव गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या धानपट्ट्यात. घरी आई, वडील, लहान भाऊ. दोन एकर धान, बाकी वर्षभर मग जे हाती येईल ते, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत रोवणी, मार्च-एप्रिलात मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता.

मनीषाला सिकलसेल आहे, वाहक नाही तर पूर्ण, एसएस. शाळेत आरोग्य पथकाने तपासणी केली तेव्हा सापडलं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार काही नवीन नाही, बहुतेक गावात एखादं तरी घर असतंच, पण नवीन नसला तरी लोक मोकळेपणाने बोलतात असं नाही, विशेषतः घरात लग्नाची मुलगी असेल तर. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळायच्या, पण ती कॉलेजसाठी होस्टेलला गेली आणि दर महिन्याला गोळ्या आणायचं कोण, असं करत करत त्या सुटल्या.

उजव्या खुब्यात दुखणं साधारण दोन वर्षांपासून होतं. घरच्यांनी वात म्हटलं, तेल लावलं, एका जाणत्याकडून मालिश करून घेतली. सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल डोक्याला रक्तपुरवठा मुळातच तोकडा असतो, तो बंद पडला की तेवढं हाड आतून मरतं आणि शरीराच्या वजनाने हळूहळू चपटं होतं. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. सुरुवातीला सापडलं तर हाडाला छोटं भोक पाडून आतला दाब कमी करायचं ऑपरेशन करता येतं, डोकं चपटं झालं की मग खुबा बदलणे हाच मार्ग उरतो. मालिशीत जे दिवस गेले ते म्हणून महाग पडले.

त्या वर्षीच्या रोवणीत ती बांधीतून उठूच शकली नाही, आईने आणि एका बाईने धरून घरी आणलं.

अडचण काय होती

दिवाळीनंतर धान विकून आणि ओळखीच्याकडून १८,००० उसने घेऊन वडिलांनी तिला शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. एमआरआय झाला. उजवा खुबा चौथ्या स्टेजचा, डावा दुसऱ्या. एस्टिमेट मिळालं २,८५,००० चं, हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, आणि दहा दिवसांत पैसे भरले तर तारीख देतो असं सांगितलं. वडिलांनी सरकारी मोफत उपचाराच्या योजनेचं विचारलं. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, आमच्याकडे हे योजनेत होत नाही.

वडील गावी येऊन काय सांगत होते तर, योजनेत हे ऑपरेशनच नाही. आणि पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं राहिलं.

वस्तुस्थिती वेगळी होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खुबा प्रत्यारोपण आहे. योजना मूळची २०१२ ची, तेव्हा राजीव गांधी जीवनदायी म्हणायचे, पहिल्या टप्प्यातल्या ८ जिल्ह्यांत गडचिरोली पण होता. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, आता ५ लाखांची आहे. पण कोणतं हॉस्पिटल कोणत्या उपचारासाठी योजनेत आहे हे वेगवेगळं असतं, काही प्रोसिजर तर फक्त सरकारी हॉस्पिटलांनाच राखीव आहेत. म्हणजे एका ठिकाणी नाही म्हटलं तर दुसऱ्या ठिकाणी होत असू शकतं, आणि हे विचारायला १५५३८८ हा टोल फ्री नंबर आहे. तो नंबर कोणी लावला नाही, कारण प्रश्न उरलाच नव्हता ना, नाही म्हणून उत्तर मिळालं होतं.

समोर कोणते पर्याय होते

पहिला विचार जमिनीचा. वडील माझ्याकडे आले ते सातबारा काढायलाच. "दोन एकर आहे जी, गहाण ठेवून देतो, पोरगी तं चालली पाह्यजे." जमीन आदिवासी खातेदाराची, बिगर-आदिवासीला विकायची किंवा गहाण द्यायची तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय होत नाही, आणि परवानगीचं प्रकरण दहा दिवसांत होणारं नाही. कागदाशिवाय, तोंडी, कोणाला तरी कसायला देऊन पैसे उचलायचे असा एक रस्ता असतो, सगळ्यांना माहीत असतो. मी स्पष्ट नाही म्हटलं. ते घर तसंच बुडतं, पाहिलंय.

दुसरं, आईच्या बचत गटाचं कर्ज आणि वरून मायक्रो फायनान्स. गटाचे ३०,००० मिळाले असते, बाकी आठवड्याच्या हप्त्याने. मजुरीच्या घरात आठवड्याचा हप्ता, त्यात आई दवाखान्यात, म्हणजे पहिल्याच महिन्यात थकणार.

तिसरं, मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधी. खुबा प्रत्यारोपण त्यांच्या यादीत आहे. लागतं काय तर तहसीलदाराचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्न दाखला, रेशनकार्ड, आधार, हॉस्पिटलचं एस्टिमेट, रिपोर्ट. पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात आणि ऑपरेशन होऊन बिल भरून झाल्यावर मागून मिळत नाहीत, आधीच अर्ज करावा लागतो. पण यातून पूर्ण खर्च निघत नाही, आणि रेशनकार्ड इथे पण लागतंच.

चौथं, धर्मादाय हॉस्पिटल. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, मुंबई हायकोर्टाची २००६ ची स्कीम आहे ती. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफतमध्ये बसतं. नागपूरला अशी हॉस्पिटलं आहेत. गावात एकालाही हे माहीत नव्हतं.

आणि पाचवं, जे गावातल्या पोरांना सगळ्यात आधी सुचलं, क्राउडफंडिंग. मोबाइलवर रोज जाहिराती दिसतात, अमक्या बाळाला वाचवा, तमक्याला १२ लाख मिळाले. पोरांची भावना चांगली होती, त्यात शंका नाही, आणि खरं सांगायचं तर बाकी चार पर्यायांत धावपळ आहे, इथे एका रात्रीत काहीतरी सुरू करता येतं.

पहिलं पाऊल आणि पोस्टर

एका क्राउडफंडिंग साइटवर पेज बनलं, टार्गेट ३ लाख. मजकूर इंग्रजीत, कारण साइटवाल्यांच्या माणसाने फोनवर विचारून विचारून तोच लिहिला. आणि व्हॉट्सॅपसाठी वेगळं मराठी पोस्टर. त्यात खाटेवर झोपलेल्या मनीषाचा फोटो, चेहरा स्पष्ट, वर लाल अक्षरात "सिकलसेलग्रस्त मुलीला वाचवा, ७ दिवसांत ऑपरेशन न झाल्यास कायमचं अपंगत्व", खाली वडिलांचा मोबाइल नंबर आणि मनीषाच्या खात्याचा क्यूआर कोड.

यातल्या दोन गोष्टी तपासून पाहण्यासारख्या होत्या. सात दिवस कुठून आले? हॉस्पिटलने दहा दिवस सांगितले ते तारखेसाठी, आजारासाठी नाही. एव्हीएनचं दुखणं भयंकर असतं, पण हे हार्ट अटॅकसारखं तासाभरातलं काम नाही, दोन महिने नीट तयारी करून ऑपरेशन केलं तर बिघडत नाही, उलट सिकलसेलवाल्याचं तयारी न करता केलं तरच बिघडतं. घाईची भाषा पैसे आणते हे खरं, पण तीच घाई मग घरच्यांवर उलटते, सगळे विचारायला लागतात, पैसे दिले ना, मग अजून का नेत नाही?

दुसरं म्हणजे फोटो. वडिलांनी हो म्हटलं होतं. मनीषाला कोणीच विचारलं नव्हतं, ती तर २२ वर्षांची आहे. तिला कळलं ते होस्टेलच्या मैत्रिणीने पोस्टर फॉरवर्ड केलं तेव्हा. ती माझ्या केंद्रात काठीवर चालत आली होती दाखल्यावर सही करायला, आणि मला म्हणाली, "दादा, माह्या फोटो काहून टाकला त्यायनं? मले कोणी इचारलं बी नाही. सिकलसेल आहे हे कॉलेजात कोणालेच माहीत नव्हतं."

तिथून आम्ही चारपाच जण बसलो, मी, गावातले दोन पोरं, आशाताई आणि शाळेतले एक सर. पोरांचं म्हणणं, पोस्टरवरून फोटो काढून टाकला तर पैसे थांबतील. आशाताईचं म्हणणं, पैसे थांबले तर थांबू दे, तिच्या लग्नाचं काय, तुम्ही करता का? शेवटी मनीषालाच विचारलं. तिने सांगितलं चेहरा नको, आजाराचं नाव नको, एक्स-रे टाका, गावाचं नाव टाका, गावाची मला लाज नाही. नवीन पोस्टर तसं निघालं. जुनं मात्र कोणाच्या हातात राहिलं नव्हतं, कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरतच होतं.

पैसे कसे आले

साइटवरून फार आलं नाही. आमच्याकडच्या माणसाला ५१ रुपये द्यायचे असतील तर तो इंग्रजी पेज उघडून नाव, ईमेल टाकून, साइटसाठीची आधीच टिकमार्क केलेली टिप काढून पैसे देईल, ही अपेक्षाच चूक. काही जणांना ती टिप आजाऱ्याला जाते असंच वाटलं. क्यूआरवर मात्र आलं, ११, ५१, १०१, कोणी ५००, पुण्याला कंपनीत असलेल्या गावच्या पोरांनी हजार-दोन हजार. आणि रोख वेगळी, तिची वही होती लग्नाच्या आहेराची असते तशी, नावासमोर रक्कम. एका आजीने मोहफुलं विकून आलेले वीस रुपये दिले आणि वहीत नाव लिहिल्याशिवाय हलली नाही.

मग बँकेने खातं थांबवलं. खातं मनीषाच्या स्कॉलरशिपचं, केवायसी बरीच जुनी, आणि त्यात अचानक दिवसाला शंभर-सव्वाशे छोटे क्रेडिट. पैसे येत होते, निघत नव्हते. काठीवर चालणारी मुलगी दोनदा बँकेत जाऊन बसली तेव्हा केवायसी झाली. खातं तिच्याच नावावर ठेवायचं हा निर्णय तरी बरोबर होता, एखाद्या कार्यकर्त्याच्या खात्यात पैसे घेतले असते तर पुढे जे बोलणं झालं ते दसपट झालं असतं. शाळेतल्या सरांनी विचारलं, ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळते ती पावती मिळेल का, तर व्यक्तीला सरळ दिलेल्या पैशावर ती सूट मिळत नाही. आणि नात्याबाहेरच्यांकडून वर्षाला ५०,००० च्या वर आलेली भेट आयकरात उत्पन्न धरली जाते. मनीषाचं दुसरं उत्पन्नच नाही म्हणून कर बसला नाही, पण ज्याची बरी कमाई आहे त्याने आधी सीएला विचारावं.

योजनेकडे वळण

पैसे ८० हजारांच्या आसपास अडकले. याच वेळी मी मुख्यमंत्री निधीसाठी कागद जमवत होतो, आणि रेशनकार्ड ऑनलाइन काढलं तर त्यात मनीषाचं नावच नाही. वडील भावापासून वेगळे निघाले तेव्हा नवीन कार्ड केलं होतं, ती होस्टेलला होती, तिचं नाव जुन्या कार्डात काकाकडेच राहिलं. म्हणजे योजनेत गेलो असतो तरी तिथे अडलंच असतं. आधी काकाच्या कार्डातून कमी करायचं, मग इकडे चढवायचं. तहसीलच्या पुरवठा विभागात हे काम अडून राहू शकतं, पण मेडिकल केस म्हणून एस्टिमेट जोडलं आणि तिथल्या बाईंनी समजून घेतलं, लवकर झालं.

त्यानंतर नागपूरच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेलो आणि आधी आरोग्यमित्राचं टेबल गाठलं. प्रत्येक योजनेतल्या हॉस्पिटलात हा माणूस बसलेला असतो, तोच कार्ड तपासतो, डॉक्टरांच्या रिपोर्टवर पूर्वमंजुरी टाकतो. त्याने दहा मिनिटांत सांगितलं, होते, पण नंबर लागेल.

इथे निर्णय घ्यायचा होता. खाजगीत ८० हजार भरून बाकीचं कर्ज काढून लगेच, की सरकारीत दीड-दोन महिने थांबून मोफत? वडील लगेचच्या बाजूने होते. फिरला तो निर्णय डॉक्टरांच्या एका प्रश्नाने. पहिल्या ठिकाणी सिकलसेल कागदावर लिहिलं होतं पण पुढे कोणी काही विचारलं नव्हतं, इथे पहिलाच प्रश्न, एचबी म्हणजे हिमोग्लोबिन किती, शेवटचं रक्त कधी चढवलं, छातीत कधी दुखलं का? एचबी ७.४ होतं. सिकलसेलच्या पेशंटला ऑपरेशनआधी रक्त देऊन एचबी १० च्या आसपास आणतात, थंडी लागू देत नाहीत, सलाइन आणि ऑक्सिजनकडे लक्ष ठेवतात, नाहीतर ऑपरेशन चांगलं होऊनही पेशंट छातीच्या क्रायसिसमध्ये जातो. हे मनीषाने ऐकलं आणि तीच म्हणाली, मी थांबते.

निकाल

ऑपरेशन फेब्रुवारीच्या शेवटी झालं, योजनेतून. खुबा, भूल, जेवण यांचे पैसे लागले नाहीत, सिकलसेलच्या पेशंटला रक्तही मोफत मिळतं, आणि डिस्चार्जला घरी परतायचं एसटी भाडं पण मिळालं. मधे एकाने चांगला इम्प्लांट पाहिजे तर वरून काही द्या असं सुचवलं होतं, आरोग्यमित्राला सांगितल्यावर विषय बंद झाला. योजनेत वरून पैसे घेता येत नाहीत.

मग वर्गणी कशाला लागली? तर भरपूर गोष्टींना. एकूण हातात आले १,५४,०५०. त्यातून आधीचे उसने १८,००० फेडले. ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत नागपूरच्या फेऱ्या, राहणं, दोघांचं जेवण मिळून २३,४०० गेले, सिकलसेलच्या पेशंटला एसटी मोफत आहे, आईला महिला म्हणून अर्धं तिकीट, तरी एवढं झालं. बाहेरून आणलेली औषधं ७,६५०. वॉकर, कमोडची खुर्ची, उंच खाट ६,२००, कारण खुबा बदलल्यावर उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येत नाही आणि घरचा संडास भारतीय. फिजिओ आणि तपासणीला न्यायची गाडी ११,८००. आणि २४,००० घरखर्च, आईवडिलांची मजुरी बुडाली, मोहाचा पूर्ण सीझन गेला त्याचे. उरले ६३,०००.

इथून गावात बोलणं सुरू झालं. ऑपरेशन फुकट झालं तर आमचे पैसे कुठे गेले? चौकात, पानठेल्यावर, एकाने तर वडिलांच्या नवीन मोबाइलवर बोट ठेवलं, जो भावाच्या कमाईचा होता. आम्ही हिशोबाचा कागद ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावला, पावत्या माझ्या केंद्रात पाहायला ठेवल्या. पावत्या पाहायला तिघं आले. घरखर्चाच्या २४,००० वर सगळ्यात जास्त आक्षेप होता, आणि मला तो आक्षेप पटत नाही. मजूर माणूस दोन महिने दवाखान्यात बसला तर त्याचा तो खर्चच आहे, फक्त त्याची पावती नसते.

उरलेल्या पैशाचे तीन प्रस्ताव होते. परत द्या, म्हणजे ११ रुपयेवाल्याला शोधा. शेजारच्या गावात डायलिसिसवर एक जण आहे त्याला द्या. किंवा मनीषाच्या डाव्या खुब्यासाठी ठेवा. तिसरं झालं, तिच्या नावावर एफडी. शाळेतल्या सरांना ते पटलं नाही, त्यांनी आपले २,००० डायलिसिसवाल्याला द्यायला सांगितले आणि ते तसे दिले. एफडी ६१,००० ची झाली.

मनीषा आता काठीशिवाय चालते. रोवणीला जाता येणार नाही, चिखलात वाकून काम करणं डॉक्टरांनी पूर्ण बंद केलंय, घरातला एक मजुरीचा हात कमी झालाच. या वयात बसवलेला खुबा साधारण पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा बदलावा लागू शकतो, हे तिला ऑपरेशनआधीच सांगितलं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

एस्टिमेट हातात आल्यावर पहिला फोन १५५३८८ ला आणि पहिली फेरी आरोग्यमित्राकडे, पोस्टर त्याच्यानंतर. तेव्हा मागायची रक्कम ३ लाख नसती, दीड लाखाच्या आत असती, आणि कशासाठी हे मोकळेपणाने लिहिता आलं असतं, ऑपरेशन योजनेत होतंय, प्रवास, राहणं, औषधं आणि बुडालेल्या मजुरीसाठी मदत पाहिजे. पोरं म्हणतात असं लिहिलं तर कोणी देत नाही. मला ते खरं वाटत नाही, आहेराची वही पाहिली तर बहुतेकांनी मनीषाच्या वडिलांकडे पाहून दिलेत, पोस्टरवरच्या सात दिवसांकडे पाहून नाही.

उरले तर काय करणार, ही ओळ पहिल्याच पोस्टरवर पाहिजे. नंतर ठरवलं की कोणताही निर्णय संशयाचाच दिसतो.

पेशंट सज्ञान असेल तर फोटोची परवानगी पेशंटची, बापाची नाही. क्यूआर कोड स्वतंत्र खात्याचा, केवायसी आधी ताजी केलेली, आणि काम झालं की बंद करायचा. मनीषाचं जुनं पोस्टर जूनमध्ये अमरावतीच्या एका ग्रुपवर निघालं, खालचा क्यूआर तिसऱ्याच कोणाचा तरी चिकटवलेला. सायबरच्या १९३० वर तक्रार केली, आणि वडिलांच्या मोबाइलवर अजून फोन येतात, ऑपरेशन झालं का म्हणून.

हायड्रॉक्सीयुरिया पुन्हा सुरू आहे, या वेळी गोळ्या आशाताई आणून देते. डाव्या खुब्याचा एमआरआय दिवाळीआधी करायचा आहे. तो अजून दुसऱ्याच स्टेजला असेल तर छोट्या ऑपरेशनवर भागेल असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि रेशनकार्डात तिचं नाव आता आहे.